हैकेसाहेबांचा खर्ज

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार

माझे कान धरण्याचा अधिकार ज्या मोजक्या माणसांकडे उरला आहे त्यांतले थोरले, मावसभाऊ ति. सोनाजीभाऊ यांच्या चरणी धाकट्या कृष्णाचा नमस्कार.

आपली तब्येत ठीक असेल. बीपीची गोळी सकाळी चहाआधी घ्यायची की नंतर, यावर आपला आणि वहिनींचा जो वाद चालू होता तो मिटला असावा. अजिंठ्याकडं कपाशीची वेचणी सुरू झाल्याचं कळलं. मी दिलेला पेनड्राइव्ह शेतात लावता की नाही? (त्या व्हायोलिनींमुळं बायांचे हात मंदावतात आणि वेचणी लांबते, असं वहिनींनी आमच्या सौ. शालूला सांगितल्याचं शालूनं मला सांगितलं. हात मंदावत नाहीत, त्यांना लय सापडते. दोन्हींत फरक आहे.) हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण आपण फोनवर फक्त "व्हय" म्हणता, आणि मला जे सांगायचं आहे त्याला नुसतं व्हय पुरणार नाही.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की हे पत्र मी आपले साडू रामप्रसाद यांच्याविषयी लिहीत नाही. त्यांनी गेल्या रविवारी आमच्या बैठकीतून उठून जायचं ठरवलं, ते गेले, विषय संपला. मात्र दोघी बहिणींच्या फोनवरून त्यांची बाजू आपल्या घरी कधीच पोचली असणार. म्हणून खरी हकिकत आपल्यापाशी असावी, एवढ्याचसाठी हा कागद खर्ची घालतो.

आमचं मंदस्वर श्रवण मंडळ आपण पाहिलेलं आहे. दर रविवारी सकाळी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या समोरच्या खोलीत आम्ही चार माणसं जुन्या तबकड्या ऐकतो. मी (अध्यक्ष), रामप्रसाद, निवृत्त मेट्रन लीलाबाई आणि चहा करून झाला की शालू. आमच्याकडं फक्त मंद वाद्यवृंद आणि त्यांच्यासोबत हळुवार गाणारे जुने गायक चालतात. शंभर व्हायोलिनी एकदम निघतात आणि त्यांतली एकही दुसरीच्या पायावर पाय देत नाही, असं ते संगीत. लोक त्याला सोपं, ऐकता ऐकता भाजी निवडण्याचं संगीत म्हणतात. त्या लोकांनी एकदा मला शंभर माणसं हळू आवाजात एकत्र बोलताना दाखवावीत, मग सोपं म्हणावं. आमचे नियमही कडक आहेत. तबकडी फिरत असताना बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, पायानं ठेका धरायचा नाही. पोह्यांत शेंगदाणे टाकायचे नाहीत, कारण ते चावताना आवाज होतो. लीलाबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्या आमच्या सर्वांत शिस्तबद्ध सभासद आहेत.

या मंडळाचा मुकुटमणी म्हणजे हैकेसाहेब. ही तबकडी मला जाफरगेटच्या आठवडी बाजारात मिळाली, जुन्या कुकरच्या झाकणांखाली. पाकिटावर होडी, मागं समुद्र, आणि जर्मन भाषेत नाव: हाइके वेंडलर. गायकाचा फोटो नाही. घरी येऊन लावली आणि सांगतो भाऊ, मी उभा होतो तो बसलो. असा खर्ज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. एकेक शब्द जणू विहिरीच्या तळातून रहाटानं वर ओढून आणलेला. मागं आठ चेलो, म्हणजे व्हायोलिनीचे थोरले भाऊ, सावकाश, पोटातून वाजणारे. या माणसाबद्दल कुठंच काही लिहिलेलं सापडेना, तेव्हा मी ते ऐकून काढलं. होडीवरून आणि आवाजावरून स्पष्ट होतं की हे गृहस्थ उतारवयातले खलाशी, पत्नी समुद्रात गमावलेले, आणि त्यानंतर फारसं न बोललेले. दर वर्षी मी त्यांच्यावर एक भाषण देत असे. रामप्रसाद दर वेळी डोळे पुसत. शालूचं मत वेगळं होतं. पंखा दोनवर ठेवल्यासारखा गातो हा माणूस, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, पण तिचं सांगीतिक शिक्षण झालेलं नसल्यामुळं मी ते मनावर घेतलं नाही.

आता मुद्द्याचं. आपण जाणता की चिकलठाण्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी कुठल्याही शाळेत हे शिकलो नाही, जळक्या मोटारी उघडून शिकलो. मिनिटाला किती फेरे, हाच माझा धंदा. त्यामुळं आमचा रेकॉर्ड प्लेअर मिनिटाला बरोबर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेतो, याची मी दर दिवाळीला यंत्र लावून खात्री करतो. केसाएवढा फरक नाही. मोठी तबकडी तेहतीसवर आणि लहान पंचेचाळीसवर, हे जगाला माहीत आहे. हैकेसाहेबांची तबकडी मोठी होती. एवढ्या मोठ्या तबकडीला पंचेचाळीसवर फिरवण्याची दुर्बुद्धी जर्मनीत कोणाला सुचेल, ही कल्पना कोणत्या सरळ माणसानं करावी? लेबलावर बारीक अक्षरांत वेग छापलेला होता, हे खरं. पण जाफरगेटच्या त्या भल्या माणसानं नेमकी त्यावरच किमतीची चिठ्ठी चिकटवली होती. तेव्हा दोष कोणाचा हे आपणच ठरवा. माझा नाही, एवढं लक्षात ठेवून ठरवा.

रविवारी रामप्रसाद आपल्या सूनबाईंना, विशाखाला, घेऊन आले. मला आधी विचारलं नव्हतं, तरी मी खुर्ची दिली. मुलगी हुशार आहे, शेंद्र्याच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांना जर्मन शिकवते. रामप्रसादनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की आज आपल्याला हैकेसाहेबांच्या गाण्याचा अर्थ कळणार. मीही उदार मनानं परवानगी दिली. सुई टेकवली. खर्ज सुरू झाला. लीलाबाईंनी डोळे मिटले. सूनबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या, मग त्या पुढं वाकल्या, मग तबकडी फिरत असताना (नियम पहिला) बोलल्या.

"काका, ह्यांना झोप आलीय का?"

मी फक्त बघितलं. आमच्या दुकानात एवढ्यावर पोरं गप्प होतात. ही झाली नाही. ही उठली, प्लेअरपाशी गेली आणि ज्या खटक्याला माझ्याशिवाय कोणाचं बोट लागलेलं नाही तो तिनं पंचेचाळीसवर सारला.

भाऊ, आमच्या खोलीत एक बाई शिरली. तरुण, ठणठणीत, हसऱ्या गळ्याची. आठही चेलो एका क्षणात व्हायोलिनी झाले आणि टुणटुण उड्या मारू लागले. कुठून तरी अकॉर्डिअन निघालं, जे आजवर मी वाऱ्याचा आवाज समजून त्यावर भाषणात दोन वाक्यं खर्चत होतो. लीलाबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, आत्ता कसं, नीट ऐकू येतंय. स्वयंपाकघरातून शालूच्या हसण्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ आला.

यावर सूनबाईंकडून अर्थही निघाला. समुद्रकिनाऱ्यावर एक मुलगी लिंबू सरबत विकते आहे. पोरांनो, ढकलाढकली करू नका, रांगेत या, बर्फ मी जास्त टाकते. एवढंच गाणं. पत्नी नाही, वादळ नाही, खलाशी तर औषधालाही नाही.

आता आपल्याला आठवेल की रामप्रसादच्या वडिलांच्या, म्हणजे फकिराअण्णांच्या वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर मी हीच तबकडी लावली होती. आपण होतात. अण्णांचा फोटो, त्याला हार, समोर सगळी भावकी, आणि हैकेसाहेबांचा तो खर्ज. अण्णांची बहीण गोजरबाई पदर तोंडाला लावून म्हणाली होती, "कोण हाय हा म्हातारा? लई सोसलंय त्यानं." सगळी पंगत मुसमुसली होती. तर त्या वेळी आपण सर्वजण बर्फ जास्त टाकते यावर रडत होतो. हे माझ्या ध्यानात आलं त्याच क्षणी रामप्रसादच्याही आलं. त्यांचा चेहरा असा झाला की आता हे रडतात की हसतात ते कळेना. मला वाटतं हसणार होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

पण त्याआधी मी बोललो. अध्यक्षाला अशा वेळी बोलावं लागतं. मी सूनबाईंना शांतपणे सांगितलं (शालू म्हणते शांतपणे नव्हतं) की ज्यांना मंद ऐकण्याचा दम नाही त्यांनी या खोलीत न आलेलं बरं, आणि दार उघडंच आहे. त्यावर रामप्रसाद उठले. ते कधी मोठ्यानं बोलत नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत.

"कृष्णा, अण्णांच्या श्राद्धाला चुकीचं वाजवलंस, ते मी हसून सोडलं असतं. पण घरी आलेल्या सुनेला दार दाखवतोस? लई झालं. चल गं विशाखा."

आणि गेले. चहाचा कप अर्धा. फोनवरच्या आमच्या मंडळाच्या ग्रुपमधूनही त्याच दुपारी बाहेर पडले. मी त्यानंतर लगेच ग्रुपवर नवा नियम घातला, खटक्याला अध्यक्षाशिवाय कोणीही हात लावू नये. तो नियम वाचायला आता लीलाबाई आणि शालू आहेत. लीलाबाईंनी त्याखाली अंगठा टाकला. शालूनं लिंबाचं चित्र टाकलं.

भाऊ, माझं म्हणणं एवढंच आहे की वेग म्हणजे सर्वस्व नव्हे. वेरूळचं कैलास लेणं पंचेचाळीसच्या घाईनं कोरलं असतं तर आज तिथं काय दिसलं असतं? मुगाची खिचडी मोठ्या आचेवर होते का? एखादी गोष्ट ज्या वेगानं बनवली त्यापेक्षा तिला सावकाश ऐकणाऱ्याला जास्त कळलं असेल तर त्यात बनवणाऱ्यानं आभार मानावेत. मी त्या सरबतवालीला एक जीवन दिलं. जहाज दिलं. दुःख दिलं. आणि ज्या मुलीनं ती भाषा फक्त कंपन्यांसाठी शिकली, ती येऊन दोन बोटांनी ते काढून नेते, आणि माझा तीस वर्षांचा मित्र तिच्या मागं चालू लागतो. सून असली म्हणून काय झालं? (सून आहे हे मला मान्य आहे. घरात येऊन फार दिवस झाले नाहीत, हेही मला माहीत आहे. शालूनं ते मला या आठवड्यात बऱ्याचदा सांगितलं.)

तेव्हा माझी बाजू स्वच्छ आहे. रामप्रसाद यांना यायचं नसेल तर त्यांनी येऊ नये. मंडळ कोणावाचून अडत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, बैलांची काळजी घ्यावी.

आपला आज्ञाधारक पण याबाबतीत ठाम,
कृष्णा

ता. क. येताना घरचं लिंबाचं लोणचं आणू नये. सध्या आमच्याकडं लिंबू या विषयावर बोलणं बंद आहे.

ता. क. दुसरा. पेनड्राइव्हमध्ये सातव्या क्रमांकावर हैकेसाहेब आहेत. ते पुसून टाका. नवा देतो. शालू बाजारात गेली की दार लावून मी तबकडी पंचेचाळीसवर ऐकतो आहे, निव्वळ अभ्यास म्हणून. बाई चांगलं गाते, हे नाकारता येत नाही. दुसऱ्या कडव्यात ती एक श्वास चोरते, तो इतक्या सफाईनं चोरते की तेहतीसवर मला तो हुंदका वाटत होता. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. लीलाबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या साखर कमी घाल.

ता. क. तिसरा, आणि हा वाचल्यावर कागद फाडून टाकावा. शनिवारी मुक्कामाला या. नेहमीप्रमाणे रामप्रसादकडंच उतरा. माझं पत्र आलं असं बोलू नका. रविवारी सकाळी म्हणा की कृष्णाकडं जायचंय, पण गुडघा दुखतोय, दोन मजले एकट्यानं चढवत नाहीत. आपले गुडघे ठणठणीत आहेत हे मला ठाऊक आहे, पण रविवारपुरते दुखू द्यावेत. रामप्रसाद साडूला जिन्यात सोडून जाणारा माणूस नाही, आपल्या दंडाला धरून तो वरपर्यंत येईल. सूनबाईंनाही दुसऱ्या दंडाला धरायला सांगा. एकदा तिघं उंबऱ्याच्या आत आलात की पुढचं मी बघतो. सूनबाईंना काय म्हणायचं ते मी शालूपुढं म्हणून पाहिलं आहे. शालू म्हणते आवाज अजून थोडा खाली हवा. रामप्रसादची खुर्ची जागेवरच आहे. परवा लीलाबाई तिच्यावर बसू लागल्या होत्या, मी बसू दिलं नाही.