'चावी शेजारी'तला दुसरा नानू

दौंड,
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. सुमित यास,
ताईचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं राजश्री म्हणत असेल. तिला सांग, तिच्या सासऱ्यांनी, आपल्या आबांनी, तळेगाव ढमढेऱ्यात तीस वर्षं टपाल वाटलंय. ज्या पोरांना महिन्याला एक पत्र लिहिता येत नाही ती त्यांना आपली वाटत नाहीत. त्यांचं पत्र वेगळं टाकलंय. हे तुला.

'चावी शेजारी' पुन्हा सुरू झालीय, बघितलीस का? वीस वर्षांपूर्वी आई पदर तोंडाला लावून हसायची आणि आबा मालिका सोडून तिच्याकडेच बघायचे. शेजाऱ्यांच्या चाव्या घेऊन कुणाच्याही घरात घुसणारा नानू वायरमन आठवतो ना? त्याची नक्कल करत तू शेजारच्या सिंधूबाईंचा चिवड्याचा डबा रिकामा केला होतास. नव्या मालिकेत घरं तीच, संवादही बरे आहेत, पण मूळ नट वारल्यामुळे नानू दुसरा आहे. आणि हसण्याचा आवाज विनोदाच्या आधीच येतो. नवीला काही जुनीची सर नाही, असं मला वाटलं. आबांना कशी वाटली ते कळव.

दवाखान्यात दोन महिने माझी दुपारपाळी आहे. संध्याकाळी सातला आबांना रोजचा फोन करणं मला जमणार नाही. त्यांना समजावून सांग. सगळ्यांनी जिवाला जपा, माया आहेच ती वाढवा.
तुझी ताई,
सुरेखा

कारेगाव,
१८ जानेवारी २०२६

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

हे घरून नाही, इथल्या कंपनीच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय. हल्ली फोन कानाला लावला की आबांना वाटतं, त्यांच्याविषयीच चाललंय.

मालिका मुलांना आवडली. आबांनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल दिला, की ह्यो नानू न्हाई, नानूचा शर्ट घालून कुणाला तरी बसवलाय. मी त्यांना आमच्या लाईनवरचं उदाहरण दिलं. माणूस आला नाही की त्याच्या जागी बदली उभा करतात, काम थांबत नाही, बघणाऱ्याला फरक कळत नाही.  आबांनी विचारलं, खरा माणूस कुठं जातो? मी म्हटलं, घरी बसतो.

आता रागावू नकोस. तुझ्या फोनवाचून ते जेवेनात. म्हणून सात वाजता राजश्री आतल्या खोलीतून तुझ्या नावानं फोन करते. तुझं ते लांबट 'आबाऽ, जेवलात का' तिला तुझ्यापेक्षा छान जमतं! दहा दिवस झाले. आबा ऐकून घेतात आणि मुकाट जेवतात.

काल मात्र त्यांनी मला माझं जन्मगाव विचारलं. मी हसत सांगितलं. ते म्हणाले, बरोबर हाय, शिकवलंय चांगलं. तेव्हापासून जरा चुकल्यासारखं वाटतंय. तुझी माया असू दे.
तुझा,
सुमित

दौंड,
२८ जानेवारी २०२६

चि. सुमित यास,
जय भीम. वि. वि.

मुद्दाम कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. मला अजिबात हसू आलं नाही. तो फोनचा खेळ आजच्या आज बंद करा.

आबांचं पत्र आलंय. आई गेली त्या दिवशी मी कोणती भाजी शिजत टाकली होती, असं विचारलंय. पुढे लिहिलंय, फोनवरच्या सुरेखाला विचारलं तर तिला सांगता आलं न्हाई. म्हणजे त्यांनी पहिल्यापासून ओळखलंय, सुमित, आणि पारख करत बसलेत.  चाकवताची होती, हे मी त्यांना कळवलंय.

तू समोर बसून खरं काय ते सांग, माफी माग. मी रविवारी, आठ तारखेला येते आणि इथल्या डॉक्टरांना दाखवायला त्यांना घेऊन जाते. राजश्रीला बोलू नकोस, तिनं प्रेमापोटी केलं. काळजी घ्या.
तुझी ताई,
सुरेखा

कारेगाव,
१० फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

परवा आबांनी तुला आत घेतलं नाही, तू उंबऱ्याबाहेरून परत गेलीस ते डोळ्यांपुढून जात नाही. त्याआधी मी आबांना सगळं कबूल केलं होतं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, बदली हाय हे तुझ्या तोंडून आलं, बरं झालं.

राजश्रीच्या हातचं ते आता खात नाहीत, स्वतःची भाकरी स्वतः थापतात. मालिकेची वेळ झाली की खुर्ची फिरवतात आणि टीव्हीकडे पाठ करून आम्हाला बघत बसतात. मुलं हसली की त्यांचं तोंड निरखतात. मुलं हसायची बंद झालीत.

गावातले डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस औषध देऊन बघू, तोवर ताईंनी समोर येऊ नये. पत्र मात्र लिही. तुझ्या अक्षरावर त्यांचा अजून विश्वास आहे. ताई, मला भीती वाटते. आम्हाला अंतर देऊ नकोस.
तुझा,
सुमित

तळेगाव ढमढेरे,
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

चि. सुरेखा हिस,
आबाचा जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर तपासलं, तुझंच हाय. म्हणून तुला एकटीला कळवतो. घाबरू नको.

आपल्या घरात सुमित न्हाई. जो हाय तो पोरगा वाईट न्हाई, औषध वेळेवर देतो. पण आपला सुमित कुठं ठेवलाय ते सांगत न्हाई. रविवारी त्यांनी तुझी पण बदली आणली. तुझं नाक, तुझी चाल. माझे पाय धरून रडली देखील. मला त्या बाईची दया आली. पण तू असतीस तर माझ्या जिवाला कळलं नसतं का?

उद्या ही माणसं कामाला गेली की निघतो. न्हावऱ्यापर्यंत चालत, पुढं मिळंल त्या गाडीनं दौंड. त्या पोराला कळवू नको.

दार तूच उघड. तू दिसलीस तर तुझ्या हातचं जेवून निवांत झोपीन. पण दारात ती रविवारचीच बाई आली, तर समजेन की ते तिथं पण पोचले. मग मी थांबणार न्हाई. दौंडातून कुठल्याही मुलखाची रेल्वे मिळते. तू जिथं असशील तिथं तुला हुडकून काढीन. तवर बापावर माया ठेव.
तुझा,
आबा