दहात एक कमी

सनद, बहारीन
९ जानेवारी २०२५

चि. सिपोरास,
शालोम व अनेक आशीर्वाद.

पत्र ईमेलनेच पाठवतो आहे. फोनवर मला बोलणं सुचत नाही. तुझी हन्नावहिनी म्हणते, तुझ्याशी फोनवर बोलताना मी ऑडिटरला उत्तरं देतो आहे असं वाटतं.

इथे चार दिवस धुकं आहे. सकाळी सलमाबादला ऑफिसात जाताना रस्ता संपल्यासारखा वाटतो आणि मग पुढे आणखी थोडा सापडतो. आज पहाटे पप्पा स्वप्नात आले. झल्लाकच्या समुद्रात पँट दुमडून चालत होते. ओहोटी होती. कितीही आत गेले तरी पाणी घोट्याच्या वर येत नव्हतं. मधूनच वळून ते माणसं मोजत होते, त्यांच्या नेहमीच्या रीतीने. माणसांना आकडे लावू नयेत म्हणून स्तोत्रातला एकेक शब्द एकेकावर ठेवत. मी हाक मारली नाही. स्वप्नातही संकोच वाटला.

गेल्या मार्चअखेर पप्पा आमच्या घरीच वारले, तेव्हापासून त्यांचं कद्दिश, मागे राहिलेल्यांनी अकरा महिने रोज म्हणायची ती प्रार्थना, तूच म्हणते आहेस. त्याला दहा ज्यू लागतात आणि इथे आपली माणसं मूठभर, रोज दहा जमत नाहीत. मनामाच्या दफनभूमीत जातो, त्यांच्या कबरीवर सब्जाची काडी ठेवतो आणि परत येतो. तुमच्याकडे बायकांनाही दहात धरतात, मुलीलाही म्हणू देतात, याचं मला आधी नवल वाटलं होतं. आता रोज दुपारी साडेतीनला, तुमची सकाळची प्रार्थना सुरू होते त्या वेळी, मी पेन खाली ठेवतो. महिना-सव्वा महिना उरला आहे. तेवढं पार पाड.

तब्येतीला जप. हन्नाने शालोम सांगितला आहे.
तुझा,
नाथनदादा

---

न्यू जर्सी
१५ जानेवारी

ती. स्व. दादास,
शालोम, सा. न. वि. वि.

तू पेन खाली ठेवतोस हे वाचून आधी हसले. पण तुला एक वाईट बातमी सांगायची आहे.

आमचं मंडळ छोटं. पुरोगामी ज्यू म्हणून लोक ओळखतात, काही जण नाक मुरडून. गावातल्या सगळ्या ज्यू संस्थांची एक आघाडी आहे, तिच्यात आम्हीही आहोत, आणि यंदा मंडळाची अध्यक्ष मी. गेल्या महिन्यात इथल्या कौन्सिलने ठरलेली निवडणूक कारण न देता पुढे ढकलली. भर सभेत कारण विचारणाऱ्या बाईंना पोलिसांनी बाहेर काढलं. लोकशाहीचं रक्षण हे आघाडीच्या घटनेतलं पहिलं कलम. तरी निषेधाचं पत्रक काढायचं नाही असं आघाडीत ठरलं, देणगीदार दुखावतील म्हणून. वर कोणत्याही संस्थेने स्वतंत्रपणेही बोलायचं नाही.

आघाडीतून बाहेर पडायचं का, यावर रविवारी आमचं मतदान आहे. मतं निम्मी निम्मी दिसतात, म्हणजे निकाल माझ्या मतावर. बाहेर पडलो तर प्रार्थनेचा हॉल सुटेल. तो आघाडीचा, आणि सकाळचे दहा जमतात तेही सगळ्या संस्थांचे मिळून. आमचे एकट्यांचे आठच होतात. पप्पांचं कद्दिश शेवटच्या महिन्यात थांबेल.

दादा, मी काय करू?

वहिनीला आठवण. उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.
तुझी,
सिपू

---

सनद
१७ जानेवारी

चि. सिपूस,
शालोम व आशीर्वाद.

महिनाभर थांब. एवढंच माझं म्हणणं. तुमचं पत्रक निघालं नाही म्हणून लोकशाही महिन्यात मरत नाही. पप्पांचा महिना मात्र परत येणार नाही. ठाण्याच्या सिनेगॉगमधून ते तापातही उठले नाहीत, एक उठला की नऊ राहतात म्हणून. ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्याही शेजारी उभे राहिले.

मी इतकी वर्षं इथे आहे. पाहुण्याने आवाज खाली ठेवावा एवढं शिकलो. तू म्हणशील की तू पाहुणी नाहीस, त्या गावची मतदार आहेस. खरं आहे. तरीही.

हन्नाचं मत वेगळं. ती म्हणाली, मी बहिणीला सल्ला देत नाही, कामाला जुंपतो. मग रात्री बिरडं भलतंच तिखट केलं.

रागावू नकोस. काय ठरेल ते कळव.
नाथनदादा

---

न्यू जर्सी
२४ जानेवारी

ती. स्व. दादास,
शालोम, सा. न. वि. वि.

मी बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं. आम्ही बाहेर पडलो.

आघाडीतले एक आजोबा, वर्षभर माझ्या शेजारी उभे राहून आमेन म्हणणारे, मला म्हणाले की बापाला सोडून तू एक कागद निवडलास. सोमवारी सकाळी माझ्या घरी जमलो. बाहेर बर्फ, आत आठ जण, सोफा भिंतीला सरकवलेला. कद्दिशची जागा आली तशा सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पान उलटलं.

दादा, त्या हॉलमध्ये रोज पप्पांसाठी तोंड उघडायचं आणि बाकी गप्प राहायची अट पाळायची, हे मला झेपलं नसतं. पप्पांनी मुख्याध्यापकांच्या भाच्याला गणितात नापास केलं तेव्हा त्यांनाही महिनाभर थांबा म्हणणारे पुष्कळ होते.

आमच्या मंडळात व्हिडिओ कॉलने पडद्यावर हजर असलेल्यांनाही दहात धरतात. तुला ते पटणार नाही, म्हणून विचारत नाही. वहिनीने मात्र आपणहून कळवलं आहे की ती बसेल. म्हणजे आता एक कमी.

माया पातळ करू नकोस.
सिपू

---

सनद
३० जानेवारी

चि. सिपूस,
शालोम व आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून पप्पा स्वप्नात येत नाहीत. समुद्र येतो, ओहोटीही येते, पाण्यात कोणी नसतं.

साडेतीनला पेन खाली ठेवायची सवय राहिली आहे. तिकडे आता पान उलटलं जातं, हे ठाऊक असूनही. आमच्या ऑफिसातल्या मुनाफने विचारलं, हे रोज काय चाललं आहे. मी सहसा कोणाला सांगत नाही, पण सांगितलं. तो म्हणाला, यल्ला, चला, एक कमी असेल तर मला घ्या, दाढीसुद्धा तयार आहे. तसं चालत नाही म्हटल्यावर म्हणाला, मग ज्याचं चालतं तो इथे पेनकडे बघत का बसला आहे. मला हसू आलं. मग आलं नाही.

पडद्यावरून म्हटलेलं देव धरतो का, मला माहीत नाही. बहुधा नसेल धरत. पण सोमवारपासून मी बसेन. गोदामामागे गाडी लावतो, तिथे शांत असतं. तुमच्या पत्रकावर माझी सही घेऊ नकोस, मी त्या गावचा नाही. प्रार्थनेत माझं नाव पुकारलंस तर चालेल. मोठ्याने पुकार.

सगळ्यांना माझा शालोम.
नाथनदादा

---

न्यू जर्सी
५ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शालोम, सा. न. वि. वि.

तू पडद्यावर अर्धं कपाळ आणि गाडीचं छत एवढाच दिसतोस. वहिनीने तुला फोन धरायला शिकवावं. आम्ही पत्रक काढलं. कौन्सिलने अजून तारीख दिलेली नाही, आघाडीतलं कोणी ओळखही देत नाही.

सोमवारी मी कद्दिश सुरू केलं. पहिल्या ओळीला सगळे आमेन म्हणाले, आणि तुझं आलंच नाही. मी पुढे निघाले तेवढ्यात आलं, पाण्याखालून वर आल्यासारखं, आणि माझ्या पुढच्या शब्दावर पडलं. वहिनीचंही तसंच. मंगळवारीही तसंच झालं.

आज मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण ओळ संपली की खोलीतले बाकी सातही जण थांबत होते. बहारीनहून तुम्हा दोघांचं आमेन पोचलं, की मग मी पुढची ओळ घेत होते.

तुमचा लोभ आहे, आणखी काय मागू.
तुझी,
सिपू