राहिलेलं उत्तर

प्रिय रोसक्कुट्टी,

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. वर्षभर एकही रविवार न चुकवल्याबद्दल चर्चने आम्हाला ‘आदर्श कुटुंब’ ठरवून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दर तासाला भजन वाजवतं आणि बंद होत नाही. आमचे औसेप म्हणाले, “सेल काढ की.” म्हटलं, “त्यावरच्या पवित्र कुटुंबाच्या तसबिरीमागे हात घालून? आणि फादर परत आले म्हणजे?” तेव्हा घरात सध्या झोप नाही, भक्ती भरपूर.

तुझा नवराही रविवार चुकवत नाही. शनिवारी रात्री तुझ्यावर हात उचलायचा आणि सकाळी कडक इस्त्रीचं मुंडू नेसून, पुढच्या रांगेत सगळ्यांत वरच्या पट्टीत गायचा. तू लेकीला घेऊन भाड्याच्या खोलीत गेलीस, चर्चला येणं सोडलंस, तेव्हा लोकांनी हजेरी बघून निकाल दिला. मी काही त्या लोकांहून वेगळी निघाले नाही.

लहानपणीची, आपल्या अम्मच्चीची संध्याकाळची प्रार्थना आठवते? ती संपली की धाकटीने थोरल्या बहिणीपुढे, चेचीपुढे, हात जोडून ‘येशूला स्तुती असो’ म्हणायचं, थोरलीने ‘आत्ता आणि सदैव’ म्हणायचं. दिवसभर एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या असल्या तरी. मी मुद्दाम तोंड मिटून बसायचे. “बोल गं त्रेस्या एकदाचं, कांजी गार होतेय!” अम्मच्ची खेकसायची. मग मी बोलायचे, आणि तू लगेच माझ्या ताटलीतला मासा पळवायचीस.

मंगळवारी फादर घड्याळ घेऊन आले, म्हणून प्रार्थना आमच्याकडेच होती. तुझा दीर मत्ताई, चर्चचा विश्वस्त, मधल्या खुर्चीत. तू न बोलावता आलीस, सगळ्यांच्या मागे गुडघे टेकलेस आणि शेवटी माझ्यासमोर येऊन हात जोडलेस. “येशूला स्तुती असो, चेची.” मत्ताई माझ्याकडे बघत होता. मी तुझ्याकडे पाठ केली आणि विचारलं, “फादर, साखर किती घालू?”

तू तशीच उभी होतीस, ते माझ्या पाठीला कळत होतं. मग चपला सरकल्याचा आवाज आला. नंतर कप विसळताना औसेप एवढंच म्हणाले, “चहा मात्र सगळ्यांना पोचला हं.” तेव्हापासून मला स्वतःच्या तोंडाची लाज वाटते आहे. एरवी ते गप्प म्हणून राहत नाही.

या रविवारी बाकावरची माझी जागा रिकामी राहील. बघू दे मत्ताईला. चर्चची घंटा होईल तेव्हा मी तुझ्या दारात असेन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. तिथे माझा आवाज फुटेलच असं नाही, म्हणून तुझं माझ्याकडे राहिलेलं आधीच पाठवते आहे.

आत्ता आणि सदैव, रोसक्कुट्टी.

तुझीच चेची,
त्रेस्या