शालीचं नाव शाबूत आहे

तीर्थस्वरूप उपेंद्रदादास, इंदिरानगरहून मालिनीचा नमस्कार (कंबर जितकी वाकू देते तितकंच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? आम्ही बऱ्या आहोत. 'आहोत' लिहिलंय, कारण शाली सध्या माझ्याकडे आहे. तिला कशी आणली, ते दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच लिहिते.

भाऊजी गेल्यापासून माझी ही जुळी बहीण अगदी गप्प झाली होती. त्यातच तिला 'एकरूप परिवार' भेटला. या मंडळींचं म्हणणं असं, की पुढच्या शतकात सगळी माणसं एकसारखी होणार, एक चेहरा, एक आवाज, एक आवड, आणि मग दुःख उरणारच नाही. तेव्हा आत्तापासून सराव करावा. सगळ्यांना राखाडी झब्बा, सगळ्यांचे केस बोटभर. रोज सकाळी मोबाइलवर एक वाक्य येतं आणि दिवसभर कुणी काहीही विचारलं तरी तेच म्हणायचं. (मी फोनवर विचारलं, जेवलीस का? तर म्हणाली, "मी सर्वांसारखी आहे.") यांचे गुरू कारभारी महाराज, पण त्यांना 'पहिली प्रत' म्हणायचं. पूर्वी त्यांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षं निवडून पेट्यांत भरायचं पॅकहाऊस होतं. मणी लहानमोठे निघाले म्हणून परदेशातून अख्खा कंटेनर नाकारला गेला, तेव्हा त्यांना साक्षात्कार झाला. मठ त्याच पॅकहाऊसमध्ये आहे. जो सुधारत नाही त्याला तिथे 'बेदाणा' म्हणतात.

मागच्या रविवारी शालीचा नाव सोडायचा विधी होता. त्यानंतर तिला नंबर मिळणार आणि नातेवाईक बंद. मी बस पकडून गेले, तिला हाताला धरून बाहेर काढायचं एवढंच ठरवून. पण दारात मला बघताच त्या माणसांना काय आनंद झाला म्हणून सांगू. इतका सराव करून त्यांना जे जमत नव्हतं, ते आपल्या आईने एकाच बाळंतपणात करून ठेवलं होतं. मला थेट व्यासपीठावर शालीशेजारी बसवलं.

पहिल्या प्रतीने माइक घेऊन जाहीर केलं, की या दोघी आता एका प्रश्नाचं एकच उत्तर देतील. प्रश्न साधा होता : तुमची आई कशी होती?

मी म्हटलं, "शांत होती. कधी आवाज चढवला नाही."

शालीला ठरलेलं वाक्य म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, पण ते म्हणायच्या ऐवजी ती माझ्याकडे वळली. "तुझ्यावर नाही चढवला. माझ्यावर रोज चढवायची."

"तू ऐकायची नाहीस म्हणून."

"आणि शेवटच्या आजारपणात ती रात्रभर कुणाला हाका मारायची? तुला?"

(मलाच मारायची. तेही मी सांगितलं.) मग जे सुरू झालं ते थांबेना. महाराज घामाघूम झाले आणि त्यांचं पुस्तकी बोलणंही सुटलं. "बाई, लय झालं आता, खाली बसा," म्हणाले.

शाली त्यांच्यावर उलटली. "तुम्ही मधे बोलू नका. माझ्या आईबद्दल चाललंय."

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक झब्बा उठून म्हणाला, आमची माय तर लय मारायची. शेजारचा म्हणाला, आमची नाय मारायची, पण जेवायची थांबायची. बघता बघता सगळा मठ आपापल्या आईबद्दल बोलायला लागला आणि एकाचीही आई दुसऱ्याच्या आईसारखी निघेना. आम्ही दोघी त्या गलक्यातून बाहेर पडलो, भांडतच. बसमध्ये शाली रडली. नवऱ्यासाठी ती माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली.

परवा दोन झब्बेवाले तिला न्यायला आले होते. दार शालीनेच उघडलं. जाळीच्या आतूनच तिने त्यांना स्वतःचं नाव सांगितलं, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांसकट, आणि दार लावून घेतलं. पुन्हा आले तर मीही दारात उभी राहणार आहे.

तुझी,
मालिनी

ता. क. : दादा, खरं सांगायचं तर पत्राचं कारण वेगळंच आहे. हिला महिनाभर ठाण्याला ने. माझ्या घरात राहून माझ्या पोळ्यांना नावं ठेवते.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला तिच्याकडे दिलं, तर तिने सगळं वाचलं. म्हणते, मालूलाही बरोबर घेतलं तरच येईन. तेव्हा दोघी येतोय. खोल्या मात्र दोन लागतील, आणि कोणती कुणाची ते आम्ही तिथे आल्यावर भांडून ठरवू.