गंगाजलाच्या डब्यातलं पेट्रोल

दूधविनायक, मंगळवार, १२ ऑक्टोबर १९९३

दोनदा साबण लावला, तरी हाताला वास येतोय. काकांनी स्कूटरसाठी साठवलेलं पेट्रोल आज आईने देवघरात नेलं. चूक तिची कशी? पूजेला येणाऱ्या यजमानांना गंगाजल द्यायचे पांढरे प्लास्टिकचे डबे देवघराशेजारच्या जिन्याखाली असतात, त्यातल्याच एकात काकांनी ते भरून ठेवलेलं. अभिषेकासाठी तिने झाकण उघडलं तेव्हा नंदादीप हातभर अंतरावर होता. मी डबा हिसकावून अंगणात नेला.

आणि काका ओरडले कोणाला, तर तिलाच! "वहिनी, नाक नाही का तुम्हाला?"

मी म्हटलं, "काका, पेट्रोल पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, दिव्यापासून लांब ठेवायचं असा नियम आहे. पंपावर पाटीच आहे."

"वा रे बी.ए. पास! आता फायर ब्रिगेड झालीस? ठेव तो डबा जागेवर. आणि त्या हातांनी देवाला शिवू नकोस."

म्हणजे देवघराशेजारी पेट्रोल चालतं, माझे हात चालत नाहीत. घरातली पहिली पदवी काय टोमणे खायला मिळवली?

डबा जागेवर ठेवला नाही. गल्लीत जाऊन सगळं पेट्रोल त्यांच्या स्कूटरच्या टाकीत ओतलं आणि रिकामा डबा अंगणात विळीवर उभा चिरला.

"अगं, यजमानांचा डबा होता तो!" काका ओरडले.

"दुसऱ्यात भरलंत तर तोही चिरीन."

आई जिन्याखाली बसून एकेका डब्याचं झाकण उघडून हुंगत होती.