वाकलेली चौकट

१२ जानेवारी
कॅमेरा बिघडला. नक्की बिघडला. जिन्यात शेजारीणबाईंचा फोटो काढायला डोळा लावला, तर त्यांच्यामागची दाराची चौकट मध्येच पोट काढून उभी. कॅमेरा खाली घेतला – चौकट सरळ. पुन्हा लावला – पुन्हा पोट. बाई म्हणाल्या, “काढा हो लवकर, गॅसवर दूध ठेवलंय.” काढला कसाबसा. इतक्या वर्षांचा सोबती, आता याला काही झालं तर मी दिवसभर करू काय?

१९ जानेवारी
रोल धुऊन आला. फोटोत चौकट सरळ! ओळंबा लावावा तशी. म्हणजे लेन्स धड आहे, डोळा लावायची काच गेली. बुरशी धरली असणार.
स्टुडिओवाला म्हणाला, “काका, मशीन विकायला काढलंय. रोल घेऊन आता तुम्ही एकटेच येता.”

२ फेब्रुवारी
मुलाने डिजिटल आणला. ही म्हणाली, “सुटले बाई! आता फ्रिजमध्ये भाजीशेजारी तुमचे रोल नकोत.”
मला बटणांचीच धास्ती. एक चुकीचं दाबलं की सगळं पुसलं जायचं. रोल कसा, हाताला लागतो. यात नखाएवढं कार्ड, त्यात म्हणे हजार फोटो. ते बाहेर काढून काळ्या कागदात गुंडाळून ठेवलं – उजेड लागला तर? मुलगा पोट धरून हसला. “बाबा, त्याला उजेडाने काही होत नाही.” असेल. पण कागद मी काढलेला नाही.

९ फेब्रुवारी
यात मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायचा. कॅमेरा हातभर लांब धरायचा, दुसऱ्याचं ओलं बाळ धरावं तसा. पण दिसतं सगळं सरळ. चौकट, गज, कपाट. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

१७ फेब्रुवारी
उन्हात पडद्यावर काही दिसेना. याही कॅमेऱ्याला डोळा लावायची काच आहे. जुन्या सवयीने लावला. रस्त्यावरचा दिव्याचा खांब कमरेत वाकलेला!
नवाकोरा कॅमेरा, आणि तोही तसाच? दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला. मुलाने डोळा लावून पाहिलं. “सरळ आहे की, बाबा. डोळे तपासून घ्या एकदा.”
डोळे म्हणे. समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी मी चष्म्याशिवाय वाचतो. दोन्ही डोळे टक्क उघडून वाचून दाखवली, खालच्या बारीक अक्षरांसकट.
मी मात्र तेव्हापासून खांबाकडे बघायचं टाळतो.

२६ फेब्रुवारी
दोन्ही कॅमेरे दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने काचा पुसल्या, दिव्यासमोर धरल्या. “आजोबा, जुना आरशासारखा स्वच्छ आहे. नव्यातही काही नाही.”
“नीट बघ रे.”
“बघितलं. तुम्ही कोणता डोळा लावता?”
“उजवा. डावा मिटून. सगळेच तसं करतात.”
त्याने कॅमेरे पिशवीत घालून दिले, पिशवी स्वतः माझ्या हातात दिली. किती झाले विचारलं तर म्हणाला, “राहू द्या.” पायरी उतरताना मागून, “सावकाश हं, आजोबा.”

२७ फेब्रुवारी
पैसे का घेतले नसतील त्याने?

१ मार्च
दोन्ही कॅमेरे कपाटात. रिकाम्या हातांनी खिडकीशी उभा राहिलो आणि डावा डोळा मिटला. गज वाकले. उघडला – सरळ. मिटला – वाकले.
ही चहा घेऊन आली. “या वयात कुणाला डोळा मारताय?”
तसाच वळलो. हिचा चेहरा मधोमध पुसलेला.
“तुलाच,” म्हणालो.