एल्विरा मॅडमची जिरवायची

सोमवार, ३ मार्च
जेसेलिन 'लोला, लोला' अशी या आजीला हाक मारत रडत आली. समोरच्या एल्विरा मॅडमने तिला इंग्रजीच्या क्लासातून उठवलं. म्हणे, "आजीबरोबर बाजारात सुकट विकत बस, तुझं तोंड तेवढ्याच लायकीचं." सगळ्या पोरींसमोर! माझी नात नर्स आहे, सहा वर्षं वॉर्डात उभी राहतेय. इंग्लंडच्या इस्पितळाने जागा देऊ केलीय, पण ती इंग्रजीची परीक्षा पास झाली तरच. बोलण्याच्या पेपरात दोनदा नापास झाली. आता शेवटची संधी, नाहीतर जागा दुसरीला.
आणि सुकटीला काय झालं? त्याच सुकटीवर शिकली ती. एल्विराही घेऊन जाते, वर दोन मासे जास्त मागते — ते राहू दे. हिची जिरवल्याशिवाय मी मरायची नाही.

बुधवार, ५ मार्च
आजपासून मी पेशंट. परीक्षेत म्हणे एक जण आजाऱ्याचं सोंग घेतो, नर्सने त्याच्याशी बोलायचं. मला सोंग कशाला, गुडघे खरेच दुखतात. मी आमच्या भाषेत कण्हते, ती इंग्रजीत समजूत घालते. अक्षर कळत नाही. पण एक दिसलं — काही विचारलं की पोरगी नुसत्या भुवया उडवते. आमच्याकडे तेच 'हो'. औषध कुठंय म्हटलं तर बोटाऐवजी ओठ पुढे काढून कपाटाकडे दाखवते.
"अगं, मार्क देणारा समोर असतो का?"
"नाही लोला. आवाज टिपून घेतात. ते लांब बसून ऐकतात."
"मग तुझ्या भुवया त्यांना ऐकू जाणार?"
मटकन बसली.
"आठ महिने क्लास केलास. एल्विराला दिसलं नाही?"
"त्यांच्याही उडतात, लोला."
हसून हसून माझी कवळी सुटली.

शनिवार, ८ मार्च
मी भिंतीकडे तोंड करून बसते. उत्तर ऐकू आलं नाही की काठी आपटते. जेसेलिनच्या आजोबांनी मला लग्नाचं विचारलं तेव्हा मीही भुवयाच उडवल्या होत्या. ते जाळं ओढत होते, बघितलंच नाही. नकार समजून चार महिने दुसऱ्या गावच्या होडीवर गेले. पोरीला हे सांगितलं. आता तोंडाने बोलते.

मंगळवार, ११ मार्च
वारा एल्विराच्या खिडकीकडे होता. सुकट आज त्याच बाजूला वाळत घातली.

शनिवार, १५ मार्च
परीक्षा झाली. पोरगी म्हणाली, "लोला, तिथे एल्विरा मॅडम होत्या."
"पोरींना सोडायला?"
"नाही. छातीवर नंबर लावून. पाचव्यांदा बसल्यात. आणि लोला, ऐक ना —"
मी कुठली ऐकतेय. पायात चप्पल कधीच घातली होती.

रविवार, १६ मार्च
चर्चच्या दारात सांगितलं. मग मासळीची ओळ, मग भाजीवाल्या. "जी स्वतः चारदा बुडाली ती पोहायला शिकवतेय." बायका टोपल्या धरून हसल्या. सुकट विकायची राहिली. राहू दे.

शुक्रवार, २८ मार्च
क्लासच्या दाराशी चौदा जोड चपला असायच्या. आज दोन. कॉफीत साखर जास्त घातली आणि खिडकीत बसून प्याले.

बुधवार, २ एप्रिल
पास! बोलण्यातसुद्धा. मी नाचले, गुडघ्यांसकट. पोरगी नाचली नाही.
"त्या दिवशी तुला सांगत होते, तू निघून गेलीस. हॉलमध्ये एसीने माझे दात वाजत होते, शब्द फुटेना. मॅडमने अंगातला स्वेटर काढून मला घातला. स्वतः काकडत आत गेल्या."
एल्विरा पुन्हा नापास.

गुरुवार, ३ एप्रिल
स्वेटर धुवून घेऊन गेले. दारात एकही चप्पल नाही. तिने स्वेटरची घडी हातात घेतली, मला आत बसवलं आणि विचारलं, "पोरीला सर्दी तर नाही ना झाली?"